भावजी आणि शेजारच्या देशाची बचत

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, पस्तीस वर्षं एका अख्ख्या देशाशी स्पर्धा करत होते. त्या देशाला याचा पत्ताही नव्हता.

सरकारच्या आकडेवारी कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं टेबल होतं. आपला देश वर्षभरात किती कमावतो, त्यातलं किती खाऊनपिऊन संपवतो आणि किती मागे टाकतो, हा हिशेब बाकीची पंधरा-वीस माणसं करायची. तो आकडा सरतेशेवटी भावजींकडे यायचा. शेजारच्या देशाचा तसाच आकडा टपालाने यायचा. दोन्ही आकडे एका मापात बसवायचे आणि दोन रेषा काढायच्या, एवढंच भावजींचं काम. आपली रेषा लाल, त्यांची निळी. भावजी नोकरीला लागले तेव्हा आपण शंभरातले एकोणीस वाचवत होतो आणि ते चोवीस. या पाचाच्या फरकाने भावजींची झोप उडाली. लोक पोराच्या मार्कांचं मनाला लावून घेतात, तसं त्यांनी देशाचं लावून घेतलं.

रेषांचा कागद त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर सुरू व्हायचा. दरवर्षी त्याला वीतभर नवा कागद चिकटवायचा आणि दोन्ही रेषा वीतभर पुढे न्यायच्या. काही वर्षांनी भिंत संपली तेव्हा रेषा दारातून व्हरांड्यात आल्या. तिथून रोखपालाच्या खिडकीवरून, पाण्याच्या पिंपामागून त्या थेट स्वच्छतागृहाच्या दाराशी पोचल्या. आता पुढे काय, यावर कार्यालयात दोन बैठका झाल्या आणि रेषा जिन्याकडे वळवाव्यात असं ठरलं. नवी रेषा काढायच्या दिवशी घरच्या मंडळींनाही बोलावत. साहेब कोट घालून येत, भावजी शाईची बाटली उघडत, आणि सगळे जण श्वास रोखून एका माणसाला वीतभर रेघ ओढताना बघत. एका वर्षी मीही गेले होते. कोपऱ्यावर माझं शिवणाचं दुकान आहे आणि साहेबांच्या खोलीचे पडदे मी शिवले होते, म्हणून मलाही आमंत्रण. निळी रेघ निघाली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. लाल निघाली तेव्हा टाळ्या पडल्या. लाल तर निळीच्या खालीच होती! मी शेजारी उभ्या असलेल्या ताईला विचारलं, "टाळ्या कसल्या गं?"

"अंतर केसभर कमी झालंय म्हणे," ताई म्हणाली. तिने रेषेकडे बघितलंही नव्हतं. ती साहेबांच्या बायकोच्या चपला बघत होती.

हे सगळं कार्यालयात राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण भावजींचं म्हणणं असं, की देशाची बचत म्हणजे शेवटी घराघरातली बचत, आणि त्यातलं एक घर आपलं. दुसऱ्याच्या घरात शिरून दिवे बंद करता येत नाहीत, आपल्या घरात येतात.

आता कुणाला वाटेल, भावजी कंजूष होते. नव्हते हो. कंजूष माणूस परवडला. त्याला निदान पैशाचा तरी लोभ असतो, आणि लोभी माणसाला कधीतरी गोड बोलून पटवता येतं. भावजींना पैशाचं काही नव्हतं. त्यांचा जीव व्याख्येत अडकला होता. त्यांच्या शास्त्रात पैसे खर्च करायचे दोन प्रकार होते. एक उपभोग, म्हणजे खाल्लं, घातलं, वापरलं, संपलं. दुसरं भांडवल, म्हणजे उभारलं आणि उरलं. उपभोग कमाईतून वजा जातो, भांडवल बचतीतच राहतं. घर बांधलं तर भांडवल. त्या घरात फ्रीज आणला तर उपभोग. असं का, म्हणून मी एकदा विचारलं.

"जगभर असंच धरतात," भावजी म्हणाले.

जगाने ठरवल्यावर मी कोण बोलणार? परिणाम असा झाला, की ताईच्या घरात फ्रीज नव्हता पण खोल्या सहा होत्या. लग्न झालं तेव्हा दोन होत्या. चार पैसे जमले की भावजी एक खोली काढायचे. घरात माणसं तीन. म्हणजे तीनचार खोल्या नुसत्या रिकाम्या, कारण त्यात ठेवायचं कपाट म्हणजे पुन्हा उपभोग. तिथे काही बोललं की आपलाच आवाज फिरून कानात यायचा. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून ताई ते पाचव्या खोलीच्या फरशीवर ठेवायची, ती खोली उत्तरेची होती. मी चिडवलं, "भावजी, एवढा मोठा फ्रीज कुणाकडे नसेल." त्यांना ते मनापासून आवडलं. "आणि तो भांडवलात धरता येतो," असं वर म्हणाले.

दुरुस्तीचीही तीच तऱ्हा. किरकोळ दुरुस्ती बचतीत येत नाही, मोठी दुरुस्ती येते. त्यामुळे छपरातून एक थेंब गळायला लागला तर भावजी तो बुजवत नसत. ते वाट बघत. ताई बादली ठेवायची, मग दोन ठेवायची, मग घमेली. तीन वर्षांनी अर्धं छप्पर काढून नवं घालायची वेळ आली, तेव्हा भावजींनी समाधानाने गवंड्याला बोलावलं. त्या गवंड्याने भावजींना देवमाणूस ठरवलं होतं. त्याचं दुकान, त्याची मोटार आणि त्याच्या पोराचं शिक्षण या एका घरावर निघालं असेल.

शिक्षणावरून आठवलं. माझी भाची शाळेत जायला लागली आणि भावजींना कळलं की शाळेची फीसुद्धा उपभोगात जाते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, असं ताई सांगत होती. भिंत बांधली तर बचत, पोरगी शिकवली तर उधळपट्टी! पण त्यांनी फी कधी चुकवली नाही, हेही सांगितलं पाहिजे. दर महिन्याला स्वतः जाऊन भरायचे, चेहरा पाडून. पोरीच्या पुस्तकांना कव्हरं घालून द्यायचे, तिची उजळणी घ्यायचे. तिच्या तापात रात्ररात्र उशाशी बसायचे. औषध उपभोगात मोडतं हे त्या वेळी त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी हे विसरू शकत नाही.

माझं नाव त्यांनी 'तूट' ठेवलं होतं. मी एकटी बाई. दुकानात कमवायचं, नवे बूट घ्यायचे, महिन्यातून एकदा बाहेर जेवायचं, सिनेमा बघायचा, आणि महिनाअखेरीस हात हलवत बसायचं. मी दारात दिसले की भावजी आत हाक मारायचे, "अगं, तूट आली." ताई हसायची. ती तेव्हा खूप हसायची. आणि तिला हव्या असलेल्या गोष्टी मला हळूच सांगायची. फ्रीज तर होताच. शिवाय एक उंच आरसा, पाय पसरून बसायला आरामखुर्ची, साहेबांच्या बायकोसारख्या चपला. मी म्हणायचे, मी आणते. ती म्हणायची, "नको गं, हे विचारतील ना कशात धरायचं."

मग भाची परिचारिका झाली आणि तिला नोकरी लागली ती नेमकी शेजारच्या देशात.

मला वाटलं, आता भावजी कोसळणार. स्वतःची पोरगी निळ्या रेषेत! दोन दिवस ते खरोखरच गप्प होते. तिसऱ्या दिवशी दुकानात आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. "हिशेब करून बघितला," म्हणाले. "ती तिकडे जेवणार, राहणार, तो उपभोग त्यांचा. आणि ती घरी जे पैसे पाठवेल ते आपल्या देशाच्या मिळकतीत येणार. म्हणजे आपल्याला दुहेरी फायदा." बोलता बोलता त्यांनी माझ्या टेबलावरची टाचणी उचलली आणि कितीतरी वेळ ती बोटांत फिरवत बसले. पोरगी गेल्याचं दुःख त्यांना झालं होतं. पण ते कुठल्या रकान्यात टाकायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

भाचीने पैसे पाठवले. आईसाठी म्हणून पाठवले. त्यातून सातवी खोली झाली.

दोनतीन वर्षांत तिने तिकडच्याच एका मुलाशी लग्न केलं आणि दोघं आठ दिवस इकडे येऊन गेली. जावई परदेशी पाहुणा आणि परदेशी पाहुण्याचा खर्च म्हणजे आपली निर्यात, हे कळल्यावर भावजींनी त्याला घरात बसू दिलं नाही. रोज सकाळी त्याला बाजारात न्यायचे. त्या बिचाऱ्याने आठ दिवसांत तीन छत्र्या आणि एक घड्याळ विकत घेतलं, वर माझ्याकडून दोन कोट शिवून घेतले. तो भाचीला म्हणाला, "तुझे बाबा फार हौशी आहेत." आम्ही दोघी मावशी-भाची दुकानाच्या मागे जाऊन पोट धरून हसलो.

यानंतरचं मात्र हसण्यासारखं नाही.

भाचीला दिवस गेले. पहिल्यापासूनच त्रास होता, तिला पडून राहायला सांगितलं होतं. तिचा फोन आला, "आई, तू ये." शेजारचाच देश तो. सकाळी बसमध्ये बसलं की संध्याकाळी पोचतं माणूस. ताईने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे तोंड उघडून काही मागितलं. भावजी म्हणाले, "तू कशाला जातेस? तिलाच बोलाव इकडे. सात खोल्या आहेत."

"तिला उठायची बंदी आहे."

"मग थोडं थांब. परदेशप्रवास म्हणजे आपल्याकडचे पैसे जाऊन तिकडे खर्च होणार. आणि या वर्षी अंतर दीडवर आलंय. माझं हे शेवटचं वर्ष आहे गं."

खरंच ते त्यांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. निवृत्त व्हायच्या आधी एकदा, एकदाच, लाल रेषा निळीच्या वर काढायची, ही त्यांची इच्छा. ताईच्या बसच्या तिकिटाने देशाची रेषा खाली येणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांना दशांशानंतरच्या चौथ्या स्थळाची किंमत कळत होती. पण मनाने एकदा घेतलं की घेतलं. ताई थांबली. रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बाळाचे कपडे बेतायला बसायची. मी म्हणायचे, जा तू, मी देते पैसे. ती म्हणायची, "पैशाचं नाही गं. ते हो म्हणाले पाहिजेत." आमच्या ताईचं हेच मला कधी पटलं नाही.

आणि मग एका दुपारी शेजारच्या देशाचं टपाल आलं.

त्या दिवशी मी ताईकडेच जेवायला होते. भावजी धावत घरात शिरले. या माणसाला मी तोवर धावताना पाहिलं नव्हतं. धाप लागलेली, डोळे भरून आलेले. त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले. "अगं, आपण पुढे आहोत!"

झालं होतं असं. शेजारच्या देशात कुणीतरी जुने हिशेब पुन्हा तपासले. कारखान्यात तयार होऊन गोदामात पडलेला माल ते एकदा कारखान्याच्या नावावर धरत होते आणि एकदा गोदामाच्या. चुकून. वर्षानुवर्षं. त्या न विकलेल्या मालाने त्यांची बचत फुगलेली दिसत होती. आता त्यांनी ती चूक सुधारून सगळ्या मागच्या वर्षांचे नवे आकडे पाठवले होते. नव्या आकड्यांनी निळी रेषा पार खाली घसरली होती. या वर्षापुरती नव्हे, पहिल्या वर्षापासून. भावजी नोकरीला लागले त्या दिवशीसुद्धा आपण त्यांच्या पुढेच होतो.

ताई भाजी वाढत होती. तिने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे आपण कधी मागे नव्हतोच?"

"कधीच नाही!"

"मग आपण इतकी वर्षं कुणाला गाठत होतो?"

भावजी हसतच होते. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ते म्हणाले, साहेबांनी मात्र हे जाहीर करायला नकार दिलाय. आपण पुढे आहोत असं कळलं तर लोक हात सैल सोडतील, बचतीच्या मोहिमेचे फलक आधीच छापून झालेत, म्हणून ही गोष्ट अहवालात बारीक अक्षरात तळाशी टाकायची आणि भिंतीवरच्या रेषा तशाच ठेवायच्या. पस्तीस वर्षांचा कागद नव्याने काढायला तरतूदही नाही म्हणे. भावजींना त्याचंही काही वाटत नव्हतं. त्यांना स्वतःला कळलं होतं, तेवढं पुरे होतं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "म्हणजे आता मी जाऊ ना पोरीकडे?"

मी देवाशप्पथ सांगते, मला वाटलं आता हा माणूस हो म्हणेल.

"आत्ता?" भावजी म्हणाले. "आत्ता तर आपण पुढे आहोत हे कळलंय. आता ते टिकवायला नको?"

ताईने त्यांच्या ताटात भाजी वाढली, माझ्या वाढली, स्वतःच्या वाढली. जेवण झाल्यावर भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक पिशवी घेऊन माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "मला बसवर सोड." तिकीट भाचीने केव्हाच पाठवून ठेवलं होतं. ते ताईकडे दीड महिना पडून होतं आणि तिने मलाही सांगितलं नव्हतं. बस सुटेपर्यंत मी रडत होते आणि ती माझ्या दंडावर थोपटत होती.

नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. भावजींनी हे ऐकून सबंध गल्लीला सांगितलं. सातव्या खोलीला आतून गुलाबी रंग लावून घेतला, आणि तो रंग बचतीत मोडत नव्हता. मी ते लक्षात ठेवलं. ताई मात्र परत आली नाही. आधी बाळ लहान म्हणून, मग भाचीची नोकरी पुन्हा सुरू झाली म्हणून. कारणं खरी होती. भावजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी संगणक आला, तो रेषा कागदावर काढतच नाही. भावजी सात खोल्यांच्या घरात एकटे राहू लागले. सकाळी अंडं उकडायचे, दुपारी पाव खायचे, रात्री उरलेला पाव. दिवा एकच लावायचे आणि या खोलीतून त्या खोलीत जाताना तो विझवून जायचे.

असं एक वर्ष गेलं. एक दिवस ते दुकानात आले. मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवत होते. ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, ते मी बघितलं.

"एकाहत्तर," ते म्हणाले.

"काय एकाहत्तर?"

"आपल्या घराची बचत. शंभरात एकाहत्तर. तुझी ताई होती तेव्हा चाळीसच्या वर कधी गेली नाही. एकाहत्तर मी कुठे पाहिलेलीच नाही. कुठल्याच देशात."

ही बढाई नव्हती. ते माझ्याकडे असं बघत होते, की यात काय चुकलं ते मी त्यांना सांगावं. मग म्हणाले, "आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षावर कुणी दुसऱ्या देशात राहिलं की त्या माणसाला तिकडचं धरतात. नियमच आहे."

मी बाही बाजूला टाकली, दुकानातल्या फोनवरून भाचीच्या घरचा नंबर फिरवला आणि फोन त्यांच्या हातात दिला. "मला नका सांगू. तिला सांगा." आमचा फोन जुना. त्यातून पलीकडचं बोलणं समोरच्यालाही ऐकू यायचं.

ताईनेच उचलला. मागे बाळाचा आवाज होता.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही जेवलात का?"

"हो. अगं, एकाहत्तर झाले."

त्यांनी तिलाही ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं की."

"परत कधी येतेस?"

"तुम्हीच या ना इकडे. नात तुम्हाला बघितल्याशिवाय मोठी होतेय."

"मी आलो आणि वर्षावर राहिलो तर मलाही तिकडे धरतील. तुला तर आता धरलंच असेल."

"कुठे धरलंय मला?"

भावजींनी नियम सांगितला. ताई म्हणाली, "म्हणजे आतापर्यंत मी आपल्याकडच्या हिशेबात होते तर."

"होतीस ना."

"कशात होते? एवढी वर्षं स्वयंपाक केला, हाताने धुणं धुतलं, पोर वाढवली, छपराखालच्या बादल्या उपसल्या. ते कमाईत धरलं होतंत?"

"नाही. घरातल्या माणसाने घरात केलेलं काम कमाईत धरत नाहीत. पगार नसतो ना त्याला."

"मग मी कशात होते?"

दुसरा कुठलाही नवरा इथे काहीतरी थाप मारून मोकळा झाला असता. पण भावजी आकड्याच्या बाबतीत आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यांना तसं बोलताच येत नव्हतं.

"खर्चात," ते म्हणाले.

ताई रागावली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. "बाळ उठलंय. ठेवते हं."

भावजी फोन हातात धरून तसेच बसले. मला त्यांचा इतका संताप आला होता की कात्री फेकून मारावी. आणि त्याच वेळी इतकी कीव आली की मी उठून त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. ते म्हणाले, "मी बरोबरच सांगितलं ना?"

"अगदी बरोबर सांगितलंत," मी म्हटलं. "तिच्या ते लक्षात आलं. आता तुमच्या लक्षात आलं का बघा."

बराच वेळ ते स्टुलावर बसून होते. त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी जुळवत असल्यासारखे. एक बाई माप द्यायला आली, देऊन गेली. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "बसचं तिकीट कुठे मिळतं?"

मी त्यांच्या शर्टाला बटण लावून दिलं आणि मगच सोडलं. निघताना त्यांनी घराची चावी माझ्याकडे दिली. "अकरा महिने राहीन," म्हणाले. "बारा झाले तर तिकडचा होईन."

या गोष्टीला दीड वर्ष झालं. चावी माझ्याकडेच आहे. मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडते. छप्पर एका ठिकाणी गळायला लागलंय, ते मी वेळीच बुजवून घेतलं. उपभोग तर उपभोग.

भावजी तिकडचे झाले, आणि असे झाले की ताईला हसावं की रडावं कळेना. वर्ष उलटल्यावर तिसऱ्याच महिन्यात त्यांनी जावयाच्या घरातले दिवे विझवत फिरायला सुरुवात केली. जावयाने विचारलं, "बाबा, काय झालं?" तर म्हणाले, "अरे, पलीकडचा देश आपल्या दोन टक्के पुढे आहे. आपल्याला त्यांना गाठायचंय." पलीकडचा देश म्हणजे आम्ही! ज्या देशासाठी माझ्या बहिणीने आयुष्यभर फरशीवर दूध ठेवलं, त्याला या माणसाने तिथे जाऊन प्रतिस्पर्धी करून टाकलं. हे ऐकून मी फोनवर कपाळाला हात लावला.

पण परवा ताईचा फोन आला तो वेगळा होता. म्हणाली, "काल हे बाहेर जायला निघाले. कोट घातला, पैशाचं पाकीट खिशात घातलं, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, तुला काय हवंय ते सांग, मी आणतो. कशात धरायचं वगैरे काही बोलले नाहीत. नुसतं, काय हवंय तुला."

"अगंबाई!" मी ओरडलेच. "मग? काय सांगितलंस?"



"मला काही सुचेचना गं," ती म्हणाली. "ते पाकीट धरून उभे, आणि मला काही सुचेचना. कालपासून आठवून बघतेय."